अंधारात सांगितलेली गोष्ट

गोरक्षला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला त्याला उन्हाळा पुरला नाही, पावसाळाही पुरला नाही. दिवाळी झाली, थंडी पडली, तरी गोष्ट आपली घशातच. तशी ती एका वाक्याची होती. मला आता ड्रम वाजवणं होत नाही, मी थांबतो. पण सांगायची होती सुहासला, आणि सुहासला सांगायची म्हणजे आधी स्वतःला सांगायला हवी. तिथंच घोडं अडत होतं.

‘सेकंड शिफ्ट’ हे नाव ज्यानं ऐकलं नाही असा माणूस नगर जिल्ह्यात सापडणं अवघड आहे. सापडलाच तर त्यानं ते चारचौघांत कबूल करू नये. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये चार पोरं पहिल्या शिफ्टला पत्रा ठोकायची आणि सुटली की भाड्याच्या गाळ्यात गिटार आणि ड्रम ठोकायची, म्हणून नाव सेकंड शिफ्ट. गोरक्ष जामखेडकडचा, ज्वारीच्या रानातून आलेला. गाणारा सुहास कुलकर्णी, नगरातल्या दत्तोपंत मास्तरांचा मुलगा. बेस गिटारवर कारभारी आणि दुसऱ्या गिटारवर अमृत. मराठीत रॉक वाजवायचं हे त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते त्यांनाही धड सांगता येत नाही. पहिला कार्यक्रम एका गणपती मंडळात झाला, तेव्हा दुसऱ्याच गाण्याला मंडळाचे अध्यक्ष स्टेजवर आले आणि मशीन बिघडलंय का म्हणून विचारून गेले.

मग ‘ऊन उतरलं की ये’ ही त्यांची कॅसेट आली आणि सगळं बदललं. एसटी स्टँडवर, पानटपरीवर, कॉलेजच्या गॅदरिंगला, वरातीत, जिकडेतिकडे ते गाणं. निवडणुकीत तर एकाच तालुक्यात दोन्ही उमेदवारांनी त्याची चाल चोरली. पुणे झालं, मुंबई झाली, दुबईच्या मराठी मंडळानं बोलावलं तेव्हा गोरक्षच्या आईनं सोबत बाजरीच्या भाकरी बांधून दिल्या. नोकऱ्या सुटल्या, पोटापुरतं गाण्यावर मिळायला लागलं. मग कॅसेटी गेल्या, आणि मधली बरीच वर्षं अशी गेली की लोक ‘तुम्ही अजून वाजवता का?’ असं अगदी प्रेमानं विचारायचे. तेवढ्यात मोबाईल आले, कुठल्याशा पोरीनं त्या गाण्यावर नाचून व्हिडिओ टाकला आणि म्हातारपणी यांना पुन्हा सही मागायला पोरं यायला लागली. आता पोस्टरवर ‘अहिल्यानगरचा सुप्रसिद्ध रॉक बँड’ असं छापतात. अमृत मधेच भांडून गेला. त्याच्या जागी आता की-बोर्डवर दिशा आहे, कारभारीच्या भाचीची मैत्रीण. ती बँडपेक्षा वयानं लहान आहे.

या बँडची एक खोड सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. प्रेस शॉपमध्ये पॉवर प्रेस चालू असली की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसायचा. त्यामुळे तिथली माणसं ओठ बघायची आणि हात करायची. ओठांना दोन बोटं लावली म्हणजे चहा. कॉलरला हात म्हणजे साहेब येतोय. तळहात एकमेकांवर पुसले म्हणजे काम झालं, सुटलो. कारखाना सुटला तरी ही बोली सुटली नाही, कारण स्टेजवरचा गोंगाट काही कमी नसतो. कडवं लांबवायचं, आवरतं घ्यायचं, समोरचा पुढारी कंटाळलाय, सगळं हातांनीच. लोकांना वाटायचं ही यांची स्टाईल. पण गोरक्ष आणि सुहासचं म्हणजे हाडीमाशी भिनलेलं. चिमणीसुद्धा बोलत नाही अशा माळावर बसले तरी दोघं ओठ हलवणार आणि बोटं नाचवणार. गोरक्षची बायको मुक्ताबाई म्हणायची, “दोगं असले की घरात मान्सं हायती का न्हाईत ते कळत न्हाई बघा.”

आता खांद्याचं. गोरक्षचा उजवा खांदा वर्षभरापासून साथ सोडत होता. आधी तेल, मग मलम, मग गोळ्या, मग डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू फाटलाय, ऑपरेशन करू, पण ड्रम विसरा. गोरक्षनं घरी येऊन ते मुक्ताबाईला सांगितलं आणि मुक्ताबाई म्हणाली, “आता सुहासभावजींना सांगा. आज सांगा.”

आज म्हणता म्हणता डिसेंबर उजाडला. तोंडाकडे बघून सांगायला त्याची जीभ रेटेना. हातांनी सांगावं, तर कारखान्यात असल्या गोष्टीसाठी खूणच नव्हती.

एका दुपारी नागापूरच्या गाळ्यात दोघंच होते. शेजारच्यांची कटकट नको म्हणून शटर ओढून घेतलं होतं, आणि लाईट गेली. शटर खाली असलं की त्या गाळ्यात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. गोरक्ष ड्रमच्या मागं बसला होता, सुहास समोर कुठंतरी स्टुलावर. आणि त्या अंधारात, तोंड दिसत नाही म्हटल्यावर, गोरक्षची जीभ सैल झाली.

“सुहास,” तो म्हणाला, “माझा खांदा गेला. डाक्टर म्हनला आता वाजवायचं न्हाई. तुला सांगायला मला लई जड गेलं. तुझ्या मागं बसून माझं आयुष्य गेलं, आन लई चांगलं गेलं. पन आता मी थांबतो. राजूरचा कार्यक्रम करू आन थांबतो. तू रागावू नको.”

एवढं एका दमात तो लग्नातही बोलला नव्हता. तो उत्तराची वाट बघत राहिला. सुहास काही बोलला नाही. अंधारात त्याच्या श्वासाचा आवाज तेवढा येत होता. गोरक्षला वाटलं, बसू दे, पचायला वेळ लागणारच. मग लाईट आली. सुहास मान खाली घालून वायर गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं, हसला, आणि ओठांना दोन बोटं लावली.

गोरक्ष त्याच्याबरोबर टपरीवर गेला आणि चहा प्यायला. चहाला चव नव्हती.

“सांगितलं का?” संध्याकाळी मुक्ताबाईनं विचारलं.

“सांगितलं.”

“मंग काय म्हन्ले?”

“चहा पिऊ म्हनला.”

मुक्ताबाईनं हातातली परात खाली ठेवली. मग ती म्हणाली, “दुक्क झालं आसंल. लई दुक्क झाल्यावर मान्साला काय बी सुचतं.”

गोरक्षनंही स्वतःची तशी समजूत घालून पाहिली. पण दुसऱ्या दिवशीही सुहास काही बोलला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. उलट उन्हाळ्यातल्या कार्यक्रमाच्या तारखांबद्दल त्याचे मेसेज येत राहिले. फोन तो करायचाच नाही. गेली काही वर्षं तो कुणाचाच फोन उचलत नसे, मेसेज पाठवा म्हणे. कलावंताचा नखरा म्हणून सगळ्यांनी तो पोटात घातला होता. गोरक्ष ते मेसेज बघायचा आणि आतल्या आत धुमसायचा. राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट वाटायचं. एवढ्या वर्षांत आपण याचे कोण होतो, हा प्रश्न माणसाला साठीत पडू नये.

राजूरला जनावरांचं प्रदर्शन भरतं, त्यातल्या शेवटच्या संध्याकाळी कार्यक्रम होता. सकाळी नगरहून ट्रॅव्हलर निघाली. सुहास खिडकीशी, गोरक्ष बरोबर त्याच्या मागच्या सीटवर, पलीकडे कारभारी पेंगत होता, आणि दिशा कानात काहीतरी घालून बसली होती. संगमनेर यायच्या आधीच गोरक्षचा बांध फुटला.

“चहा म्हनं,” तो पुटपुटला.

पुढची मान हलली नाही.

“मान्सानं काळीज काढून ठेवावं, आन ह्यानं म्हनावं चहा.” आता आवाज जरा चढला होता. “कुलकर्नी, तू मोठा मानूस. पन कुत्रं दारातनं गेलं तरी दोन दिवस घरात चर्चा हुती रं.”

कारभारीनं डोळे उघडले. दिशानं कानातलं काढलं. ड्रायव्हरनं आरशातून मागं पाहिलं. सुहास मात्र खिडकीबाहेर बघत मांडीवर बोटांनी ताल धरून बसला होता. ती निवांत मान बघून गोरक्षच्या डोक्यात तिडीक गेली, आणि त्यानं ठेवणीतलं काढलं. अमृत बँड सोडून गेला तो एका वाक्यावरून गेला होता. तो सुहासला म्हणाला होता, तू बापासारखा गातोस, शाळेतल्या मास्तरासारखा. सुहासनं त्यानंतर अमृतचं तोंड पाहिलं नाही. ते वाक्य बँडमध्ये कुणी कधी उच्चारत नसे.

“मास्तरासारखा गातोस तू,” गोरक्ष मोठ्यानं म्हणाला. “ऐकलं का? मास्तर. पयल्यापास्नं.”

सुहासनं खिडकीची काच थोडी सरकवली, गार वारा तोंडावर घेतला. मग काहीतरी आठवल्यासारखा मागं वळला. गोरक्षचा लालबुंद चेहरा बघून त्यानं काळजीनं भुवया उंचावल्या, पुढच्या हॉटेलच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि ओठांना दोन बोटं लावली.

गोरक्षच्या रागातली हवाच गेली. तो त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्यात राग गिळल्याची खूण नव्हती, नाटक नव्हतं, काहीच नव्हतं. त्याला ऐकूच गेलं नव्हतं. आत्ताही नाही आणि गाळ्यातल्या त्या अंधारातही नाही.

आणि हे आपल्याला आजवर कळलं कसं नाही, याचं उत्तरही त्याला तिथंच मिळालं. दुसऱ्या कुठल्याही दोन मित्रांना ते आठवड्यात कळलं असतं. पण यांनी एकमेकांशी आवाजानं बोलायचं तरुणपणीच सोडलेलं. कान असले काय, नसले काय, त्यांच्या बोलण्यात काही फरकच पडला नव्हता. गोरक्षनं मान हलवून हो म्हटलं, चहा पिऊ. पुढं अकोले येईपर्यंत तो प्रवरा नदीकडे बघत बसला आणि कुणी काही विचारलं तर नुसतं हं म्हणाला.

राजूरला मैदानात डांगी गाईबैल ओळीनं बांधले होते आणि पलीकडे स्टेज. दुपारी साऊंडवाले वायरी जोडत होते तेव्हा गोरक्षनं सुहासला हात धरून स्टेजच्या मागं नेलं, गवताच्या भाऱ्यावर बसवलं आणि स्वतः समोर बसला, उजेडाकडे तोंड करून.

“कदीपास्नं?” तो म्हणाला.

“काय कधीपासून?” सुहास म्हणाला. पण बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. तो गवताच्या काड्या मोडायला लागला. मग म्हणाला, “तुला कसं कळलं?”

“गाडीत तुला मास्तर म्हनलो.”

“मला?”

“व्हय. सगळ्यांसमोर. मोट्यानं.”

सुहास हसला. हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. “म्हणजे तू खरंच चिडला होतास. मला वाटलं तुला गाडी लागली.” मग त्यानं सांगितलं. चार-पाच वर्षं झाली. समोरून, ओठ दिसत असतील तर चालतं. मागचं काही नाही. गाण्यातलं तर काहीच नाही, नुसती घरघर. कानात मशीन घालून बघितलं, तर स्टेजवर त्यात चरे पडल्यासारखा आवाज होतो. नीलांबरीला माहीत आहे, बायकोपासून काय लपणार. ती रोज म्हणते गोरक्षला सांगा.

“मंग गातो कसा?”

“तुझ्यावर.” सुहासनं पाय पुढं केले. “मी अनवाणी गातो ना, त्याच्यासाठीच. तुझ्या मोठ्या ड्रमचा ठोका फळीतून पायाला लागतो. सूर गळ्याला पाठ आहेत, तिथं चुकलो तर दिशा सांभाळून घेते. आणि सम कुठं आहे ते मागं वळून तुझ्या खांद्याकडे बघितलं की कळतं.”

सुहास अनवाणी गातो म्हणून वर्तमानपत्रात लेख आले होते, रंगमंचाला देऊळ मानणारा कलावंत वगैरे. हा बाबा पायानं ऐकत होता. गोरक्षच्या मनात आलं, आता मी थांबतो म्हणून कुठल्या तोंडानं सांगू.

“बोल ना,” सुहास म्हणाला. “त्या खांद्याबद्दल बोल.”

“तुला काय ठावं?”

“अरे, तो खांदा मी रोज वाचतो. मागच्या वर्षापासून तो वर येतच नाही. धावती गाणी मी उगाच बंद केली का? दम लागतो म्हणून सांगितलं तुम्हाला. दम कसला लागतोय मला.” त्यानं गवताची काडी टाकून दिली. “तू कधी बोलतोस याची वाट बघत होतो. मी होऊन ‘थांब’ म्हणालो असतो, तर तुला काय वाटलं असतं?”

“मी बोललो,” गोरक्ष म्हणाला.

“कधी?”

“गाळ्यात. लाईट गेल्ती तवा.”

सुहास पुढं सरकला. “अंधारात?” तो म्हणाला. “मला अंधारात सांगितलंस?”

पलीकडे एक बैल हंबरला. गोरक्षनं तो ऐकला, सुहासनं नाही. गोरक्षनं दोन्ही तळहात वर उचलले आणि एकमेकांवर पुसायला लागला, तसे सुहासनं ते हात धरले.

“तसं नको. तोंडानं सांग. जे तेव्हा सांगितलंस ते सगळं सांग.”

मग गोरक्षनं ते सगळं पुन्हा सांगितलं. खांदा, डॉक्टर, सांगायला जड गेलं ते, तुझ्या मागं बसून आयुष्य गेलं आणि लई चांगलं गेलं ते. उजेडात सांगायला फार वेळ लागला. सुहास त्याच्या ओठांवरून नजर न काढता ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तो थांबला नाही, न जाणो तेवढ्यात एखादा शब्द निसटायचा.

“रागावू नको,” गोरक्षनं शेवटी म्हटलं.

“नाही.”

“तू गात ऱ्हा. नवीन पोरगं बगू कुनीतरी.”

“नव्या पोराचा खांदा मला वाचता येणार नाही रे. आता कुठं शिकत बसू.” सुहासनं नाक ओढलं. “आज झालं की झालं. कारभारीला आणि दिशाला उद्या सांगू, आज त्यांचे हात जड नकोत व्हायला.” मग म्हणाला, “धावती गाणी घ्यायची का आज? खांद्याला विचार.”

“त्याला काय इचारायचं. उद्या त्याला कुटं कामाला जायचंय.”

त्या संध्याकाळी राजूरमध्ये सेकंड शिफ्ट जशी वाजली तशी ती कितीतरी वर्षांत वाजली नव्हती, असं तिथं असलेला कुणीही सांगेल. दिशाला काही कळेना, तिनं यातली निम्मी गाणी गेल्या वर्षभरात स्टेजवर वाजवलीच नव्हती, पण तिनं धावत गाठलं. कारभारी पोरासारखा हसत सुटला. गोरक्षच्या खांद्यात कळा येत होत्या, त्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तो खांदा मुद्दाम उंच उचलत होता, दरवेळी, सगळ्यात मागच्या माणसालाही दिसेल असा. सुहास निम्मा वेळ लोकांकडे पाठ करूनच गात होता. ‘ऊन उतरलं की ये’ शेवटी आलं, तेव्हा डोंगरातून आलेली सगळी माणसं उभी राहून गात होती.

गाणं संपलं. दिवे तोंडावर होते आणि त्यांच्या पलीकडे काळोख. एरवी शेवटचं गाणं झालं की सुहास मान लववून तडक आत निघून जायचा, आणि लोक म्हणायचे, एवढा मोठा माणूस, पण टाळ्यांचा मोह नाही. आज तो गेला नाही. माईकपासून बाजूला झाला आणि गोरक्षकडे बघत उभा राहिला.

गोरक्ष उठला. ड्रमच्या मागून पुढं यायला नीट वाट नव्हती, वायरी ओलांडत तो आला. स्टेजच्या पुढच्या कडेला तो कधी उभाच राहिला नव्हता. तिथं आवाज असा अंगावर येत होता की तो एक पाऊल मागं सरला. टाळ्या होत्या, शिट्ट्या होत्या, कुणीतरी बैलांच्या घुंगरमाळा वाजवत होतं, म्हातारी माणसं ओरडत होती.

सुहास त्याच्या ओठांकडे बघत होता. “टाळ्या आहेत का?” त्यानं हळूच विचारलं.

“हायती.”

“किती?”

“लई,” गोरक्ष म्हणाला. “लई हायती, सुहास.”

सुहासनं मान हलवली आणि काळोखाकडे तोंड करून हात जोडले. जरा वेळानं त्यानं पुन्हा वळून विचारलं, “थांबल्या?”

“न्हाई.”

कारभारीनं गिटार उतरवून खोळीत घातली. दिशा की-बोर्डच्या वायरी काढायला लागली. खाली पोरं पांगत होती, बायका झोपलेली लेकरं खांद्यावर घेत होत्या, मंडपवाला लोखंडी खुर्च्या एकात एक घालत होता. सुहास हात जोडून तसाच उभा होता.

“आता?” त्यानं विचारलं.

गोरक्ष त्याच्या समोर आला, उजेडात तोंड नीट दिसेल असा उभा राहिला.

“न्हाई,” तो म्हणाला. “अजून चालूच हाय.”